दोन मिनिटे नव्वद सेकंद

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पत्रकारिता पदविकेचा निकाल लागला आणि त्याच दिवशी गावाकडच्या मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला क्रीडा पत्रकार व्हायचे आहे आणि त्यासाठी नेमके काय करावे लागते, हा तिचा प्रश्न होता. वर्षभरापूर्वी हाच प्रश्न मी तिघाचौघांना विचारला होता, तेव्हा ‘खेळाची आवड पाहिजे’ यापलीकडे कोणी काही सांगितले नव्हते. आवड होतीच, पण ती घेऊन कोणत्या दारात उभे राहायचे हे ठाऊक नव्हते. म्हणून जे घडले ते घडले तसे लिहीत आहे. यात कागदपत्रे पुष्कळ आहेत, थोडा पैशांचा हिशेब आहे आणि एक चूक आहे, जी आठवली की अजूनही कान गरम होतात.

मी कराडची. मराठी विषय घेऊन बी.ए. झाल्यावर एक वर्ष घरीच होते. मे २०२४ मध्ये पुण्यातील एका वर्षाच्या पदव्युत्तर पदविकेसाठी ऑनलाइन अर्ज भरला. केवळ क्रीडा पत्रकारिता शिकवणारा अभ्यासक्रम मला परवडेल अशा शुल्कात सापडला नाही. या अभ्यासक्रमात वार्तांकन, संपादन आणि माध्यम कायदा हे विषय सर्वांना होते, दुसऱ्या सत्रात एक विशेष विषय निवडायचा होता आणि त्या यादीत ‘क्रीडा’ होते. जूनच्या अखेरीस लेखी परीक्षा आणि मुलाखत झाली. मुलाखतीत ‘शेवटची कोणती क्रीडा बातमी पूर्ण वाचलीत?’ असे विचारले गेले. मी क्रिकेटच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचे नाव घेतले. पुढचा प्रश्न आला, ‘आणि क्रिकेट सोडून?’ मी गप्प बसले. तरीही यादीत नाव आले, ते बहुधा लेखी परीक्षेतील मराठीमुळे.

प्रवेशाच्या कागदपत्रांत मी जे भोगले ते सांगते, म्हणजे दुसऱ्या कोणाचा हेलपाटा वाचेल. शिवाजी विद्यापीठातून पदवी घेऊन पुण्यात आले असल्यामुळे मायग्रेशन सर्टिफिकेट लागले. ते काढण्यासाठी टीसी, शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका आणि शुल्काची पावती आधी हाताशी हवी, आणि टीसी तर महाविद्यालयाकडून ‘नो ड्यूज’ झाल्याशिवाय मिळत नाही. माझ्या नावावर ग्रंथालयाचे एक पुस्तक बाकी होते, ते मी परत केल्याचे मला पक्के आठवत होते, पण नोंदवहीला आठवत नव्हते. त्यात चार दिवस गेले. मधले वर्ष रिकामे असल्याने गॅपचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावे लागले. टायपिंग धरून चारशे रुपये झाले. प्रवेशाची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मायग्रेशन हाती आले. निकाल लागल्याबरोबर टीसी काढून ठेवली असती, तर कराड-कोल्हापूर अशा तीन एसटी फेऱ्या वाचल्या असत्या.

वसतिगृह मिळाले नाही. नारायण पेठेत कॉट बेसिसवर महिना साडेतीन हजार, मेसचे अठ्ठावीसशे आणि बसचा पास असा खर्च बसला. पुढे मैदानांवर जायला लागल्यावर कळले, की पासाचे पैसे सर्वांत आधी वसूल होतात, कारण म्हाळुंगे-बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल पेठेतून जवळ नाही आणि तेथील सामने वेळेवर सुरू होत नाहीत.

१ ऑगस्ट २०२४, गुरुवार. वर्ग सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. दुपारी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. सरांनी तास थांबवला आणि तासाभरात तीनशे शब्दांची बातमी लिहायला सांगितली. मी जवळजवळ एका दमात लिहिले. कराडची असल्यामुळे शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आमच्या लहानपणापासूनच्या गोष्टींत आहेत, तेव्हा त्यांचे नाव पहिल्याच परिच्छेदात आले: ‘१९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताला पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबांनंतर…’

सरांनी वही परत दिली तेव्हा त्या ओळीखाली लाल रेघ होती आणि समासात एकच शब्द होता, ‘हॉकी?’

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. खाशाबांचे कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. ‘वैयक्तिक’ हा एक शब्द मी गाळला होता आणि ज्या माणसाच्या गावापासून माझे घर रिक्षाने गाठता येते, त्याच्याच बाबतीत गाळला होता. वर्गातील निम्म्याहून अधिक जणांची आणखी एक चूक निघाली. त्यांनी स्वप्निलला पॅरिसच्या रेंजवर उभे केले होते, प्रत्यक्षात नेमबाजीच्या स्पर्धा पॅरिसपासून दूर, शातोरू या गावी झाल्या होत्या. आणि ‘थ्री पोझिशन्स’ म्हणजे काय, हे तर एकानेही लिहिले नव्हते. गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून असे तीन प्रकारे नेम धरायचे असतात. अंतिम फेरीत शेवटी उभ्याने नेम धरताना एकेक नेमबाज बाद होत जातो. स्वप्निल पहिल्या दोन प्रकारांनंतर पहिल्या तिघांत नव्हता, उभ्याच्या फेरीत तो वर आला आणि ४५१.४ गुणांवर थांबला. खरी बातमी त्या चढण्यात होती. आम्ही सर्वांनी ‘इतिहास घडवला’ असे लिहून तीनशे शब्द भरले होते. सरांनी त्या दिवशी ‘इतिहास’, ‘धुव्वा’ आणि ‘दणदणीत’ हे तीन शब्द सत्र संपेपर्यंत बंद केले. ‘दणदणीत’ची मला अजून आठवण येते.

ऑगस्ट आणि सप्टेंबर भाषेवर गेले. पायचीत, त्रिफळाचीत, यष्टिचीत, निर्धाव षटक हे शब्द आपण इतक्या सहज वापरतो, की ते कोणीतरी कधीतरी घडवले असतील आणि कानांना रुळवले असतील हे लक्षातच येत नाही. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील मराठी समालोचनाबद्दल आणि मराठी दैनिकात खेळाला रोजचे हक्काचे पान मिळवून देणाऱ्या वि. वि. करमरकर यांच्याबद्दल मी पहिल्यांदा तेथेच ऐकले. एक सराव मात्र मनात राहिला. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या असताना काठियावाडने पुढे खेळायला नकार दिला आणि डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांनी दूर राहिला. या सामन्याची बातमी आजच्या अंकासाठी लिहा, असे सरांनी सांगितले. आम्ही बहुतेकांनी हुकलेल्या विक्रमापासून सुरुवात केली. सरांचे म्हणणे होते, की हुकला हे खरे, पण पहिल्याच वाक्यात नकार कोणी दिला हे आले नाही, तर वाचकाला वाटेल की फलंदाज बाद झाला. मी तो परिच्छेद पाच वेळा लिहिला. चौथा बरा होता.

ऑक्टोबरमध्ये गहुंजे येथे भारत-न्यूझीलंड कसोटी होती. पत्रकार कक्षात विद्यार्थी म्हणून बसता येईल, अशी माझी भाबडी समजूत होती. अधिस्वीकृतीपत्र माध्यमसंस्थेच्या नावाने, छायाचित्र आणि ओळखपत्रासह, सामन्याच्या बरेच दिवस आधी अर्ज करून मिळते. शिकणाऱ्या मुलीच्या विनंतीपत्राचा तेथे उपयोग नसतो. एका मैत्रिणीच्या भावाकडे तिसऱ्या दिवसाचे तिकीट जास्तीचे होते, ते मिळाले. २६ ऑक्टोबर, शनिवार. भारतासमोर ३५९ धावांचे लक्ष्य होते. यशस्वी जैस्वाल खेळत होता तोवर माझ्या आजूबाजूचे लोक उभे होते, तो ७७ धावांवर गेला आणि लोक बसले; मग मिचेल सँटनरने दुसऱ्या डावातही सहा बळी घेतले. सामन्यात त्याचे तेरा बळी झाले, भारत २४५ धावांत बाद झाला आणि ११३ धावांनी हरला. बारा वर्षांत मायदेशी न गमावलेली कसोटी मालिका गेली.

मी स्वतःला चाळीस मिनिटांची मुदत घालून घेतली होती. मोबाइलवर चारशे शब्द लिहायचे होते, आणि प्रेक्षकांत बसून ते किती अवघड असते हे त्या दिवशी कळले. पंधरा यार्डांवरून आरडाओरडा करणाऱ्या माणसाला सँटनरचा चेंडू किती वळला हे माझ्यापेक्षा जास्त कळत होते, निदान त्याचा तसा दावा होता. सत्तेचाळीस मिनिटे लागली. बसमध्ये परत वाचले, तेव्हा दिसले की वॉशिंग्टन सुंदरने पहिल्या डावात घेतलेले सात बळी मी पूर्णपणे विसरले होते. हरलेल्या संघातील चांगली कामगिरी सर्वांत आधी निसटते, हे तेव्हापासून मी मुद्दाम तपासते.

दिवाळीनंतर इंटर्नशिप शोधणे सुरू झाले आणि या वर्षातील सर्वांत कंटाळवाणे चार आठवडे आले. सहा दैनिकांना ई-मेल पाठवले. चौघांचे उत्तरच आले नाही, एकाने मुंबईत काम असल्याचे सांगितले, एकाने क्रीडा विभागात जागा नसून पुरवणी विभागात आहे असे कळवले. शेवटी ई-मेल सोडून मी संध्याकाळी साडेचारला एका कार्यालयात स्वतः गेले. या वेळेला महत्त्व आहे: सकाळी क्रीडा विभागात कोणी नसते आणि सातनंतर कोणाला मान वर करायला वेळ नसतो. सोबत बोनाफाइड, विभागाचे शिफारसपत्र आणि वर्गात लिहिलेले तीन मजकूर होते. क्रीडा विभाग सांभाळणाऱ्या ज्येष्ठ उपसंपादकांना सगळे ‘दादा’ म्हणत. त्यांनी मजकुरांना हातही लावला नाही. एका स्पर्धेचे प्रसिद्धिपत्रक पुढे सरकवले आणि म्हणाले, “याचे शंभर शब्द करा.” त्या पत्रकात अडीचशे शब्द होते, पैकी दीडशे शब्द उद्घाटनाला कोण उपस्थित होते याविषयी होते, आणि अंतिम सामन्याचा निकाल शेवटून दुसऱ्या ओळीत होता. मी निकाल वर आणला आणि पाहुण्यांची नावे दोनवर आणली. “सोमवारपासून या,” ते म्हणाले. मानधन नव्हते. बाहेरच्या सामन्यांना जाण्याचा खर्च पावती दाखवल्यास मिळेल, असे ठरले. पावत्या ठेवा. मी पहिल्या महिन्यातील रिक्षाच्या पावत्या घेतल्याच नव्हत्या.

२ डिसेंबर २०२४ पासून दुपारी तीन ते रात्री साडेदहा अशी वेळ सुरू झाली. डाक आवृत्तीचे, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचे, पान साडेआठला सोडावे लागे आणि शहर आवृत्तीचे मध्यरात्रीच्या सुमारास. मी कधीच पूर्ण सामना लिहिला नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गट, मुले आणि मुली, असे निकाल एकामागून एक येत. कोणी हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटो पाठवी, कोणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिही. पीटीआय या वृत्तसंस्थेच्या इंग्रजी बातम्यांचे मराठी करायचे, ते वेगळेच. तेथे नावांनी मला खूप छळले. इंग्रजीत ‘इंगले’ असे दिसणारे आडनाव इंगळे असते हे मराठी माणसाला कळते, पण मणिपूरच्या मुष्टियोद्ध्याच्या नावाचा उच्चार कोण सांगणार? दादांचा उपाय साधा होता. खेळाडूची स्वतःचे नाव सांगणारी एखादी मुलाखत शोधायची आणि कानाने ऐकून लिहायचे. पाच मिनिटे जातात, पण दुसऱ्या दिवशी नाव बरोबर छापलेले असते.

१४ डिसेंबरला मला पहिल्यांदा मैदानावर पाठवले, खो-खोच्या जिल्हास्तरीय सामन्यांना. मी सकाळी नऊला पोहोचले, मैदानावर पाणी मारून नुकतीच चुन्याने आखणी चालली होती. शाळेत असताना मी खो-खो खेळले होते, त्यामुळे खेळ कळतो असा माझा समज होता. तीन-तीनच्या तुकड्यांनी संरक्षक उतरतात, आठ जण पाटीवर आलटून-पालटून तोंडे करून बसतात, नववा पाठलाग करतो, हे मलाही माहीत होते. पण बातमी लिहिणे ही वेगळीच गोष्ट आहे. नऊ मिनिटांच्या डावात कोण कधी आत आले, कोणी कोणाला बाद केले, कोण खांबावर बाद झाले आणि कोण हुलकावणी देऊन निसटले, हे सगळे डोळ्यांनी टिपायला गेले की वही कोरीच राहते.

पंचांच्या टेबलापाशी एक गृहस्थ गुणपत्रक भरत होते. वयाने साठीच्या पुढचे, निवृत्त क्रीडाशिक्षक. मी मागे उभी राहिलेली पाहून त्यांनी खुर्ची सरकवली. “बस इथं. मैदानाकडं कमी आणि कागदाकडं जास्त बघ,” ते म्हणाले. गुणपत्रकाच्या एका बाजूला संरक्षण करणाऱ्या संघाची नावे होती, त्यांच्यासमोर प्रत्येकीने किती वेळ पळती केली, म्हणजे बाद न होता किती वेळ टिकली ते, आणि तिला कोणी बाद केले त्या खेळाडूचा क्रमांक. पेन्सिल चालताना त्यांचा डावा हात स्टॉपवॉचवर होता आणि नजर कधी वर गेली, कधी खाली आली, हे मला कळतही नव्हते. एका मुलीने पहिल्या डावात एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळत १.५० आणि दुसऱ्या डावात १.४० अशी पळती केली. तिच्या संघाने सामना एक गुण आणि सव्वातीन मिनिटे राखून जिंकला. ‘राखून’ म्हणजे काय हेही त्यांनीच समजावले: प्रतिस्पर्ध्याची गुणसंख्या ओलांडली तेव्हा घड्याळात जेवढा वेळ शिल्लक होता, तेवढा. मराठी खो-खोच्या बातम्यांतील ती कंसातली आकडेवारी मी वर्षानुवर्षे डोळ्यांखालून घालत आले होते, ती वाचता मात्र येत नव्हती.

संध्याकाळी मी बातमी लिहिली. त्या मुलीची एकूण पळती सांगावी असे वाटले, म्हणून बेरीज केली. १.५० अधिक १.४०. दोन पूर्णांक नव्वद. ‘तिने दोन्ही डावांत मिळून २.९० मिनिटे संरक्षण केले,’ असे वाक्य माझ्या हातून गेले, दादांच्या नजरेतून सुटले आणि रविवारी छापून आले.

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. त्या मुलीचे प्रशिक्षक होते. मला वाटले, आभार मानायला केला असेल.

“ताई, बातमी झकास आलीय. एकच शंका. दोन मिनिटं नव्वद सेकंद हे कुठल्या घड्याळात असतंय?”

मी अंथरुणावर बसून राहिले. १.५० म्हणजे एक मिनिट पन्नास सेकंद. १.४० म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. बेरीज तीन मिनिटे तीस सेकंद. छापलेली २.९० मिनिटे म्हणजे दोन मिनिटे चौपन्न सेकंद. मी त्या मुलीच्या हिशेबातून छत्तीस सेकंद काढून घेतले होते, आणि खो-खोत छत्तीस सेकंदांत एक तुकडी गारद होऊ शकते. प्रशिक्षक चिडले नव्हते, उलट मला धीर देत होते, आणि त्याचेच जास्त वाईट वाटले. दुपारी कार्यालयात गेल्यावर मी स्वतः दादांना सांगितले. त्यांनी शुद्धिपत्र लिहायला सांगितले, चार ओळींचे. ती बायलाइन (बातमीदाराचे नाव) नसलेली, चौकटीतील चार वाक्ये लिहायला मला कुठल्याही बातमीपेक्षा जास्त वेळ लागला, कारण त्यात ‘अनवधानाने’ हा शब्द लिहायचा की नाही हे ठरत नव्हते. दादांनी तो काढला. “अनवधान नव्हतं, गणित चुकलं,” ते म्हणाले. त्या मुलीच्या शाळेच्या फलकावर बातमीचे कात्रण लावले होते. प्रशिक्षकांनी शुद्धिपत्राचे कात्रण त्याच्याखाली चिकटवून फोटो पाठवला.

त्यानंतर महिनाभर मी खो-खोचे जेवढे गुणपत्रक मिळेल तेवढे वाचले. म्हणूनच जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक सुरू झाला, तेव्हा विभागात त्याचे काम माझ्याकडे आले. १५ तारखेला खाशाबांचा जन्मदिवस, आता राज्य क्रीडा दिन. त्या दिवशीची प्रसिद्धिपत्रके एकीकडे आणि विश्वचषकाचे निकाल दुसरीकडे, असा तो आठवडा होता. १९ जानेवारीला रविवारी महिला आणि पुरुष दोन्ही अंतिम सामने नेपाळशी होते. महिलांनी ७८-४० असा विजय मिळवला, पुरुषांनी ५४-३६ असा. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, म्हणून पानावर जागा वाढली. पण हे आकडे पाहून विभागातील दुसऱ्या एका सहकाऱ्याने विचारले, “खो-खोत अठ्ठ्याहत्तर गुण?” गुणांची पद्धत वेगळी, डावाची वेळ कमी, मॅटवरचा खेळ, आणि ठरावीक वेळेहून अधिक टिकलेल्या तुकडीला ‘ड्रीम रन’चे गुण. मातीवरच्या खो-खोचे ‘एक गुण व सव्वातीन मिनिटे राखून’ येथे नव्हतेच. दादांनी मला शंभर शब्दांची चौकट लिहायला दिली. डाक आवृत्तीत पुरुषांचा निकाल जाऊ शकला नाही, शहर आवृत्तीत दोन्ही गेले. रात्री कार्यालयाच्या गाडीने खोलीवर सोडले तेव्हा मेस बंद झालेली होती, आणि मी बिस्किटे खाऊन झोपले. रात्रपाळीच्या मुलींनी गाडीची व्यवस्था पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी, संकोच करू नये. मी दोन आठवडे संकोच केला आणि रिक्षावर साडेबाराशे रुपये घालवले.

इंटर्नशिप फेब्रुवारीअखेर संपली. विशेष विषयाच्या प्रकल्पासाठी मी कुस्तीची मैदाने निवडली, कारण चैत्रात कराड परिसरात यात्रा असतात आणि घरी राहून काम होणार होते. एप्रिलमध्ये तीन मैदाने पाहिली. पहिल्या मैदानावर मला आत सोडावे की नाही यावर यात्रा कमिटीच्या दोन सदस्यांत चर्चा झाली. बायका घरांच्या गच्च्यांवरून पाहत होत्या, आखाड्याभोवती मी एकटीच. चुलते सोबत होते म्हणून प्रश्न लवकर मिटला, आणि स्वच्छतागृहासाठी मला दर वेळी कोणाच्यातरी घरी जावे लागले, तेव्हा पाणी बेताने पिणे हीही या कामातील एक तयारीच होती.

कुस्तीच्या मैदानावर मला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले, कारण तेथे गुणपत्रकच नाही. हलगी वाजते, निवेदक जोडीचे नाव पुकारतो, पैलवान तांबड्या मातीची चिमूट एकमेकांच्या अंगावर टाकतात, आणि कधी कधी अर्ध्या मिनिटात सगळे संपते. डाव ढाक होता की कलाजंग, हे मला दिसायच्या आत टोपी उडालेली असते. मी शेवटी एका वस्तादांच्या शेजारी बसले. कुस्ती संपली, की मी वहीत डाव लिहायची आणि त्यांना दाखवायची. पहिल्या दहापैकी तीन बरोबर आले. “घिस्सा लिहिलाय तू, पण त्याआधी त्यानं एकेरी पट काढला होता, तो नाही लिहिलास,” ते म्हणाले. “पट काढला नसता तर घिस्सा बसलाच नसता.” तिसऱ्या मैदानावर दहापैकी सात जुळले. बरोबरीत सोडवलेल्या कुस्त्यांचे निकाल मात्र मी प्रत्येक वेळी कमिटीकडून लेखी घेतले, कारण त्यांवर गावात नंतर आठवडाभर बोलले जाते.

प्रकल्प ९ मे रोजी सादर केला. छपाई आणि बाइंडिंगच्या तीन प्रतींना अकराशे चाळीस रुपये पडले. त्यासोबत इंटर्नशिपचे प्रमाणपत्र जोडणे सक्तीचे होते आणि तेथे पुन्हा एकदा कागदांनी गाठले. प्रमाणपत्रासाठी मनुष्यबळ विभागाकडे अर्ज मार्चमध्येच केला होता. सही करणारे अधिकारी रजेवर, मग दौऱ्यावर, असे पाच आठवडे गेले. एप्रिलअखेर प्रमाणपत्र आले, त्यात माझे आडनाव चुकले होते. मी हसले, मग पुन्हा अर्ज केला, आधार कार्डाची प्रत जोडली. दुरुस्त प्रत बारा दिवसांनी, म्हणजे मुदतीनंतर आली, तोवर विभागाने दादांच्या सहीचे साधे पत्र तात्पुरते चालवून घेतले. इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशीच प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः टाइप करून द्यावा आणि त्यातील नाव, तारखा व विभाग पाहूनच तो सहीसाठी पाठवावा.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रकल्पापेक्षा शुद्धिपत्राबद्दल अधिक विचारले, कारण मी ते परिशिष्टात लावले होते. निकालात विशेष विषयाला बरे गुण आहेत, माध्यम कायद्याला काठावरचे. नोकरी अजून नाही. त्याच दैनिकासाठी बाहेरून लिहिते, छापलेल्या बातमीला तीनशे रुपये, आणि ते पॅन व बँकेचा तपशील दिल्यानंतर दोन महिन्यांनी जमा होतात.

मैत्रिणीच्या बहिणीला मी सध्या एवढेच सांगितले आहे, की शालेय स्पर्धा सुरू होतील तेव्हा कराडच्या मैदानावर यावे आणि गुणपत्रक भरणाऱ्यांच्या मागे उभे राहावे. येताना साधे मनगटी घड्याळ आणावे, मोबाइलची बॅटरी दुपारी संपते. पाऊस थांबला तर पहिला सामना सोमवारी आहे. नाहीतर आदल्या रात्री संयोजकांना फोन करून मी तिला कळवणार आहे.